बी की छाट: बागेतल्या ल्युपिनचा मागोवा

बहुवर्षायू ल्युपिन मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम पट्ट्यातला. अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या ओलसर कुरणांत आणि ओढ्यांच्या काठी तो आपसूक वाढतो. स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक डेव्हिड डग्लस लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीसाठी त्या प्रदेशात हिंडत होते. त्यांच्यामुळे १८२६ मध्ये हे झाड ब्रिटनच्या बागांत आले. पाने हस्ताकृती, तुरे कमरेएवढे उंच, फुले बहुतेक निळी, क्वचित पांढरी. पुढची ऐंशीएक वर्षे त्यात फारसे काही बदलले नाही. गुलाबी छटा मिळाल्या, झुडुपासारख्या वाढणाऱ्या पिवळ्या ल्युपिनशी संकर झाले; पण तुरा विरळच राहिला आणि दोन फुलांमधून हिरवा दांडा दिसत राहिला.

हा विरळपणा यॉर्कचे माळी जॉर्ज रसेल यांना खटकला. १९११ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांनी भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यांवर ल्युपिन लावायला सुरुवात केली. निरनिराळ्या जातींचे बी मिळवून ती झाडे शेजारी शेजारी लावायची, परागण कीटकांवर सोडायचे आणि आलेल्या रोपांतली मनासारखी नसतील ती निर्दयपणे उपटायची, अशी त्यांची रीत होती. कुंचल्याने परागकण लावण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत, आणि या फुलाची रचना पाहिली तर ते योग्यच वाटते. ल्युपिनच्या फुलात मध नसतो, कीटक येतात ते परागकणांसाठी. जड भुंगा पंखपाकळ्यांवर बसला की खालची नावेच्या आकाराची पाकळी दबते आणि तिच्या टोकातून परागकण बाहेर ढकलले जातात. तेच भुंग्याच्या पोटाला चिकटून शेजारच्या झाडावर जातात. संकराचे काम निसर्ग करत होता, निवडीचे काम रसेल. त्यातले अवघड काम दुसरे. वर्षानुवर्षे एकाच कसोटीला चिकटून राहायचे आणि बरे दिसणारे रोपही काढून टाकायचे, याला मोठा धीर लागतो.

तब्बल दोन दशके त्यांनी ही झाडे विकायला नकार दिला. अखेर १९३५ च्या सुमारास रोपवाटिकेचे मालक जेम्स बेकर यांनी त्यांचे मन वळवले आणि संग्रह वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या बोनिंगेलला गेला. १९३७ च्या जूनमध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रदर्शनात रसेल ल्युपिन मांडले गेले आणि त्यांना सुवर्णपदक मिळाले. तुरा बुडापासून शेंड्यापर्यंत गच्च भरलेला, वरची ध्वजपाकळी रुंद आणि ताठ, रंग लाल, नारिंगी, पिवळे, जांभळे आणि एकाच फुलात दोन रंगांच्या जोड्या. त्या वेळी रसेल ऐंशीच्या घरात होते. १९५१ मध्ये ते वारले.

खरा प्रश्न त्या प्रदर्शनानंतर उभा राहिला. ल्युपिनचे बी आईवर जात नाही. लाल तुऱ्याच्या झाडाचे बी पेरले तर रोपे कोणत्याही रंगाची निघतात, आणि निवड थांबली की काही पिढ्यांत बाग पुन्हा निळसर होऊ लागते. म्हणून नाव दिलेली जात टिकवायची तर छाटच घ्यावी लागते. पण झाडाला विषाणूची बाधा झालेली असेल, तर छाटीबरोबर तीही नव्या रोपात जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधल्या रोपवाटिकांना फुलांऐवजी अन्नपिकांकडे वळावे लागले. पुढे काकडीवरच्या मोझॅकसारख्या विषाणूंनी जुन्या जाती पोखरल्या आणि रसेल यांच्या काळातली कित्येक नावे कायमची गेली. १९८१ मध्ये अमेरिकेतला मोठा राखाडी मावा ब्रिटनमध्ये आढळला आणि पाठोपाठ करपाही फैलावला. मावा कोवळ्या तुऱ्यावर दाटीने बसतो आणि दुर्लक्ष झाले तर झाड मारतो.

या पडझडीतून दोन वाटा निघाल्या. बियाणे कंपन्यांनी रंगानुसार वेगळ्या ठेवलेल्या बियांच्या मालिका आणल्या; ‘गॅलरी’सारख्या बुटक्या मालिका कुंडीतही फुलतात. दुसरीकडे काही रोपवाटिकांनी रसेल यांचेच निवडीचे काम नव्याने हाती घेतले आणि छाटीने वाढवलेल्या नव्या जाती बाजारात आणल्या.

घरच्या बागेत आजही हे दोन्ही मार्ग चालतात. बियांचे कवच टणक असते, म्हणून ते कानशीने किंचित खरवडून किंवा बी रात्रभर पाण्यात भिजवून वसंतात पेरतात. सोटमूळ खोल जाते आणि त्याला धक्का सोसत नाही. त्यामुळे रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावणे श्रेयस्कर. जुना गड्डा फोडून रोपे करण्याचा उद्योग सहसा फसतो. छाट मार्च-एप्रिलमध्ये बुडातून फुटणाऱ्या कोंबांची घेतात. कोंब आठ-दहा सेंटीमीटरचा आणि आतून भरीव हवा. तो धारदार चाकूने खोडाचा थोडा भाग ठेवून काढतात आणि वाळूमिश्रित, निचऱ्याच्या मातीत लावतात. उशीर झाला की दांडा पोकळ होतो आणि मूळ धरण्याआधीच कुजतो.

जागा उन्हाची आणि माती किंचित आम्ल असावी. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, त्यामुळे नत्रखताची गरज नसते. ते घातले तर पाला माजतो आणि तुरे लोळतात. कोवळ्या कोंबांना सर्वांत मोठा धोका गोगलगायींचा. उत्तम निगा राखूनही झाड पाच-सहा वर्षांत थकते, म्हणून ते जोमात असतानाच छाट घेऊन ठेवणे हाच शहाणपणा. बी आणि पाला दोन्हीत विषारी अल्कलॉइड असतात, तेव्हा लहान मुले आणि जनावरे असलेल्या घरी शेंगांवर लक्ष हवे.

बागेबाहेर मात्र हेच झाड उपद्रवी ठरले आहे. न्यूझीलंडच्या मॅकेन्झी खोऱ्यात विसाव्या शतकाच्या मध्यापासून रस्त्याकडेला पसरलेले रसेल ल्युपिन पर्यटकांना मोहवतात. पण नदीपात्रातल्या उघड्या गोट्यांवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची जागा ते झाकून टाकतात. फिनलंडने ल्युपिनला हानिकारक परकीय वनस्पतींच्या यादीत घातले आहे. पिकलेली शेंग तडकली की बी दूरवर फेकले जाते, म्हणून फुले ओसरताच तुरा बुडाशी कापतात. त्याने फैलाव थांबतो, झाडाची ताकद बियांत खर्ची पडत नाही आणि बहुधा त्याच उन्हाळ्यात लहान तुऱ्यांचा दुसरा बहर येतो.