खाते बाळाचे, कर आईबाबांचा

बारशाला आजोबा नातवाच्या नावाने पाच लाखांची मुदत ठेव करतात. आत्या हजार-दोन हजारांचे पाकीट ठेवते, मामा म्युच्युअल फंडात काही रक्कम गुंतवतो. सगळे कौतुकाने होते. पुढे ठेवीवर व्याज जमू लागते आणि घरात कुणीतरी म्हणते, ‘‘पैसे बाळाचे. त्याला कसला आलाय प्राप्तिकर?’’ गोंधळ नेमका इथे सुरू होतो.

ठेव बाळाची, हे खरे. व्याजही बाळाचेच. पण अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या, म्हणजे कायद्याच्या भाषेत अज्ञान मुलाचे असे उत्पन्न आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवले जाते आणि त्यांच्या दराने त्यावर कर भरावा लागतो.

हे पूर्वी इतके सरसकट नव्हते. आईवडिलांनी स्वतः मुलाच्या नावे केलेल्या मालमत्तेचे किंवा भागीदारीतून मुलाला मिळणारे उत्पन्न तेवढे त्यांच्याकडे जोडले जाई. बाकीचे मुलाच्या नावे वेगळे राही आणि त्यावर करमुक्त मर्यादेचा वेगळा फायदा मिळे. त्यामुळे ज्या घरात मुले जास्त, त्या घरात कर वाचवायच्या वाटाही जास्त! राजा चेलय्या समितीने या पळवाटेवर बोट ठेवले आणि १९९२ च्या वित्त कायद्याने ती बुजवली. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेणारा, १ एप्रिल २०२६ पासूनचा २०२५ चा कायदाही याच तत्त्वावर चालतो.

आता नेहमीचा प्रश्न. ठेव तर आजोबांनी दिली, मग कर आजोबांना का नाही? आजोबांची भेट ही नातेवाइकाची भेट, त्यामुळे त्या पाच लाखांवर कुणालाच कर नाही. कर आहे तो व्याजावर, आणि तो मुलाच्या आईवडिलांपैकी एकाला. सात टक्क्यांनी वर्षाचे व्याज पस्तीस हजार होईल. पालक तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह दहा हजार नऊशे वीस रुपये कर झाला. जुन्या करप्रणालीत दर मुलामागे दीड हजार रुपयांची सूट आहे, ती घेतली तर कर साडेचारशे-पावणेपाचशे रुपयांनी कमी होतो. ही दीड हजारांची सूट १९९२ साली ठरली, त्यानंतर ती एका पैशानेही वाढलेली नाही. दीड हजारांत तेव्हा काय येत होते आणि आज काय येते, ते वाचकांनीच आठवावे. नव्या करप्रणालीत तर तीही मिळत नाही.

आईवडिलांपैकी कोणाच्या उत्पन्नात हे मिळवायचे? ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या. मुलाचे उत्पन्न बाजूला ठेवून ही तुलना करायची. बँकेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही वडिलांची असते; पण आईचा पगार जास्त असेल तर व्याज आईच्या विवरणपत्रात जाते. हे अनेक सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. एकदा एका पालकाकडे जोडले की दरवर्षी सोयीप्रमाणे इकडून तिकडे करता येत नाही. बदल करायचा तर तो करनिर्धारण अधिकारीच, पालकाचे म्हणणे ऐकून घेऊन, करू शकतो.

पती-पत्नींचा विवाह संपुष्टात आला असेल तर नियम वेगळा. त्या वर्षी मुलाचा सांभाळ जो करतो, त्याच्या उत्पन्नात मुलाचे उत्पन्न जाते. एकटीने मूल वाढवणाऱ्या घटस्फोटित आईला हे माहीत असणे फार गरजेचे आहे. मुलाच्या नावची ठेव त्याच्या वडिलांनी केलेली असली, तरी व्याजावरचा कर तिच्या वाट्याला येतो. पोटगीचे बोलणे करताना हा खर्च सहसा कुणी धरत नाही. आणि आईवडील दोघेही हयात नसतील तर? काका किंवा आजी पालक झाले, तरी मुलाचे उत्पन्न त्यांच्या उत्पन्नात मिळवायचे नाही. आकारणी मुलाच्याच उत्पन्नाची होते, पालक फक्त त्याच्या वतीने विवरणपत्र भरतो. त्यामुळे करमुक्त मर्यादेचा लाभ मुलाला स्वतंत्रपणे मिळतो.

मुलाने स्वतःच्या हिकमतीवर मिळवलेले पैसे मात्र त्याचेच. मालिकेत काम करणारा बालकलाकार, गाण्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळवणारी मुलगी, बुद्धिबळात रोख पारितोषिक जिंकणारा मुलगा यांचे कौशल्याचे किंवा अंगमेहनतीचे उत्पन्न आईवडिलांकडे जोडले जात नाही. ते करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त झाले तर मुलाचे स्वतंत्र विवरणपत्र भरावे लागते, आणि त्यावर सही पालक करतात. पण इथे एक बारीक खोच आहे. मानधनाचे पैसे ठेवीत टाकले की त्या ठेवीचे व्याज कौशल्याचे राहत नाही. ते पुन्हा आईवडिलांकडे! ज्या मुलाला कायद्याने ठरवलेल्या प्रमाणातले अपंगत्व आहे, त्याचे कोणतेच उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवले जात नाही. अशा घरांना आयुष्यभराची तजवीज करायची असते, म्हणून कायद्याने ही मोकळीक ठेवली आहे आणि ती योग्यच आहे.

व्याजाच्या करापासून सुटायचे असेल तर सुकन्या समृद्धी योजना किंवा मुलाच्या नावचे पीपीएफ खाते हे सरळ मार्ग आहेत. त्यांचे व्याजच करमुक्त आहे. पीपीएफमध्ये मात्र स्वतःचे आणि मुलाचे खाते मिळून वर्षाला दीड लाखाचीच मर्यादा असते.

बँकेने मुलाच्या पॅनवर टीडीएस कापला आणि उत्पन्न दाखवले पालकाच्या विवरणपत्रात, तर कापलेला कर अडकून पडतो. म्हणून ठेव करतानाच, ज्याच्याकडे उत्पन्न जोडले जाणार त्या पालकाचा पॅन बँकेला लेखी कळवावा. विवरणपत्रात मिळवलेल्या उत्पन्नासाठी वेगळा तक्ता असतो, त्यात मुलाचे नाव आणि रक्कम भरायची. ‘कोण बघतंय’ म्हणून हे टाळू नये. व्याजाची माहिती बँका प्राप्तिकर खात्याला कळवतातच. उत्पन्न कमी दाखवल्याचे ठरले तर कर आणि त्यावरचे व्याज भरावे लागतेच, शिवाय बुडवलेल्या कराच्या पन्नास टक्के दंड होऊ शकतो. जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असेल तर दोनशे टक्के.

मूल ज्या दिवशी अठरा पूर्ण करते, त्या दिवसापर्यंतचे उत्पन्न पालकाचे, पुढचे त्याचे स्वतःचे. वाढदिवस ऑक्टोबरात असेल तर त्या वर्षीच्या व्याजाचे दोन भाग करावे लागतात. त्याच सुमारास बँकेत जाऊन मुलाच्या सहीने खाते सज्ञान म्हणून बदलून घ्यावे आणि पॅन कार्डावर त्याचा फोटो व सही येण्यासाठी अर्ज करावा. लहानपणी काढलेल्या कार्डावर या दोन्ही गोष्टी नसतात.