यंत्राशी यंत्र, आणि दादाजानचा सागवानी पट

एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरची दुपार म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की दार-खिडक्या लावून, कूलरसमोर सगळे घर एका खोलीत येते. अशाच दुपारी आमच्या तेरा वर्षांच्या मुलाने आम्हाला हा नवा तमाशा दाखवला. फोनच्या पडद्यावर बुद्धिबळाचा डाव चालू होता आणि दोन्ही बाजूंना माणूसच नव्हता.

"मग खेळतंय कोण?" दादाजानने विचारले.

"इकडे स्टॉकफिश, तिकडे लीला. दोन्ही कॉम्प्युटर प्रोग्राम."

"आणि हरल्यावर वाईट कोणाला वाटतं?"

याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. तरी आम्ही पाहत बसलो, आणि त्या दिवसापासून ती सवयच झाली.

या स्पर्धेचे नाव टॉप चेस इंजिन चॅम्पियनशिप. २०१० पासून ती इंटरनेटवर चालते आणि अंतिम फेरीत दोन यंत्रांमध्ये शंभर डाव होतात. गंमत अशी की यंत्रांना आपल्या मर्जीने सुरुवात करू दिली तर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. म्हणून आयोजक पहिल्या काही खेळ्या स्वतःच ठरवून देतात. मुद्दाम एका बाजूला थोडी अडचण होईल अशा. मग तीच सुरुवात बाजू बदलून पुन्हा खेळवतात, म्हणजे कोणावर अन्याय नको. पुढे गुण बराच वेळ शून्याच्या आसपास रेंगाळले की डाव बरोबरीत काढून टाकतात. दादाजानला हा नियम फार आवडला. "भांडणात दम नाही हे कळल्यावर उठून जावं," ते म्हणाले.

स्टॉकफिशचे नाव वाळवलेल्या माशाचे आहे. नॉर्वेच्या तोर्द रोमस्टाड यांचा एक प्रोग्राम घेऊन इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनी २००८ मध्ये त्यावर काम सुरू केले. मासा नॉर्वेचा आणि शिजवला इटलीत, अशी ती थट्टा. हा प्रोग्राम फुकट आहे, कोणीही उघडून पाहू शकतो. त्यात कोणी एक सुधारणा सुचवली की जगभरचे हौशी लोक आपले रिकामे कॉम्प्युटर जोडून देतात, हजारो डाव खेळवले जातात, आणि फरक पडला तरच ती ठेवतात. लीलाची रीत वेगळी. तिला नियमांपलीकडे काहीच शिकवले नव्हते. स्वतःशीच लाखो डाव खेळून ती शिकली. ही वाट डीपमाइंडच्या अल्फाझीरोने २०१७ मध्ये दाखवली होती. त्याने तेव्हाच्या स्टॉकफिशशी शंभर डाव खेळून २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, आणि एकही हरला नाही. २०१९ च्या अंतिम फेरीत लीलाने स्टॉकफिशला ५३.५ विरुद्ध ४६.५ असे हरवले. मग २०२० मध्ये स्टॉकफिशवाल्यांनीही आपल्या यंत्रात तशीच शिकणारी जाळी बसवली, आणि तेव्हापासून पारडे पुन्हा त्यांच्याकडे झुकले.

लीलाचे डाव पाहायला आम्हाला जास्त आवडतात. ती एखादे प्यादे सहज देऊन टाकते. पुढच्या वीस खेळ्यांत त्याचे काही दिसत नाही, आणि मग समोरच्या राजाला हलायला जागा उरलेली नसते.

माणसाला हरवणारे यंत्र हे फार जुने स्वप्न आहे. १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात केम्पेलेन नावाच्या माणसाने बुद्धिबळ खेळणारी बाहुली आणली. तिला पगडी घालून उस्मानी तुर्काचा वेश दिला होता, कारण युरोपला गूढ म्हटले की पगडीच आठवे. पुढे ती नेपोलियनशीही खेळली. पेटीच्या आत मात्र एक माणूस दडलेला असे! खरे यंत्र जिंकले ते १९९७ मध्ये, जेव्हा डीप ब्लूने कास्पारोव्हला ३.५ विरुद्ध २.५ असे हरवले. आज चांगल्या फोनमधला प्रोग्रामही जगज्जेत्याला जुमानत नाही.

आमच्या घरात अडचण झाली ती इथेच.

दादाजान तरुणपणी आल्लापल्लीकडे लाकडाच्या कामावर होते. तिथल्या सागवानाच्या तुकड्यांतून त्यांनी मोहरे कोरले. काळे मोहरे काजळी आणि तेलाने रंगवले. त्याच पटावर मुलगा शिकला. पण जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासोबतच ग्रँडमास्टर झाली. नागपूर इथून दीडशे किलोमीटर. एकोणीस वर्षांची, आपल्या विदर्भाची मुलगी! मुलाने वही आणली, क्लास लावला, आणि फोनवर इंजिन आले. मग दादाजानची प्रत्येक खेळी तो यंत्राला विचारू लागला. "दादाजान, ही चूक. ही तर घोडचूक." एके दिवशी दादाजानने मोहरे डब्यात भरले आणि म्हणाले, "तू त्याच्याशीच खेळ."

तीन आठवडे पट निघाला नाही.

आम्ही मुलाला रागावलो नाही, हे खरे तर चुकलेच. आम्हाला ते हुशारीचे लक्षण वाटत होते. डोळे उघडले ते एका स्थानिक स्पर्धेत. एका मुलाच्या खिशात फोन सापडला, आणि त्याने तो पाहिलाही नव्हता तरी नियमाप्रमाणे त्याचा डाव गेला. आमचा मुलगा घरी येऊन गप्प बसला. रात्री म्हणाला, "पटावर बसलो की मला काही सुचतच नाही. बाजूला गुणांची पट्टी दिसत नाही ना."

शतरंज जायज की नाही यावर आपल्या इमामांमध्ये मतभेद आहेत. जुगार आणि नमाज चुकवणे याला मात्र कोणीच माफी देत नाही. दादाजानचा नियम साधा: अजान झाली की खेळी अर्धी असली तरी उठायचे.

त्या रात्री मुलगा स्वतः डबा घेऊन त्यांच्याजवळ गेला. दादाजानने दोन अटी घातल्या. फोन पिठाच्या डब्यावर राहील, आणि डाव देशी नियमांनी होईल. देशी खेळात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चालते. किल्लेकोट नाही; त्याऐवजी राजाला शह बसण्याआधी एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. पलीकडे पोचलेले प्यादे ज्या घराचे, तोच मोहरा होते. पंजाबचे मीर सुलतान खान हाच खेळ शिकून विलायतेला गेले आणि १९२९ पासून तीनदा ब्रिटनचे विजेते झाले.

मुलाने दुसऱ्या दिवशी ती मांडणी हळूच फोनमध्ये घालून पाहिली. ॲपने राजाची उडी घेतलीच नाही; राजा परत आपल्या घरात जाऊन बसला. मुलगा आम्हाला ते हसत हसत दाखवायला आला.

आता यंत्रांचे डाव आजोबा आणि नातू मिळून पाहतात, आवाज बंद करून आणि गुणांची पट्टी हाताने झाकून. पुढची खेळी कोणती, हे आधी दोघांनी सांगायचे. दोघेही बहुतेक चुकतात. काल दादाजान लीलाच्या एका उंटाकडे बघून बराच वेळ बसले. शेवटी म्हणाले, "हा तिथे का गेला, ते उद्या सांगतो."