पाडव्याची नऊवारी आणि आपला धंदा

पुण्याच्या कापडबाजारात गुढीपाडवा हा वेगळाच सीझन आहे. दिवाळीला गिऱ्हाईक वाटेल ते कापड घेते. पाडव्याला मात्र ते मराठी पेहरावच मागते : नऊवारी, खण, पैठणी, पुरुषांना धोतर आणि फेटा. आमचे काही व्यापारी बांधव हा माल 'त्यांच्या सणाचा' म्हणून हात राखून भरतात. आम्हाला हे पटत नाही. ही लुगडी विणण्यात आपल्या कारीगरांचा हात जुना आहे. पुण्यातल्या मोमिनपुऱ्याचे नावच विणकरांवरून पडले आहे आणि मालेगावच्या मोमीन मंडळींच्या मागावर एके काळी रंगीत लुगडी निघत.

आमच्या लहानपणी मंडईतल्या भाजीवालीच्या अंगावरही सुती नऊवारी असे. पुढे सहावारी आणि सिंथेटिक साडी आली, मालेगाव कोऱ्या कापडाकडे वळले, आणि नऊवारी संपली असे बाजार धरून चालला. ती परत आली ती सणाचा पोशाख म्हणून. १९९९ साली डोंबिवलीत पाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली. नंतर शहरोशहरी अशा यात्रा निघू लागल्या आणि नऊवारी नेसून, फेटा बांधून मोटारसायकलवर बसलेल्या मुली दिसू लागल्या. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी' चित्रपटानंतर तर गिऱ्हाईक 'मस्तानी' आणि 'पेशवाई' अशी नावे घेऊनच दुकानात येते.

पण या मुलींपैकी बऱ्याच जणींना काष्टा घालता येत नाही. खरी कमाई इथेच आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. ते कापून, निऱ्या बसवून, काष्टा शिवून पायजम्यासारखी चढवता येईल अशी नऊवारी करायची, हे चांगल्या टेलरचेच काम. काठ मागे सरळ उतरला पाहिजे आणि बसताना ताण येता कामा नये. माप चुकले की अख्खी साडी वाया जाते, म्हणून शिलाई ठरवताना कारीगराने संकोच करू नये आणि व्यापाऱ्यानेही घासाघीस करू नये.

अडचण येते ती तारखांची. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आणि रमजान ईद ११ एप्रिलला आली. २०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा, ३१ ला ईद. ईदचे कुर्ते आणि पाडव्याच्या नऊवाऱ्या एकाच मशीनवर, तेही रोजाच्या दिवसांत! हिजरी वर्षात अधिक महिना नाही, त्यामुळे ईद दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते. पाडवा मात्र मार्च-एप्रिल सोडत नाही. २०२७ मध्ये पाडवा ७ एप्रिलला आहे आणि ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येईल. म्हणजे मध्ये तीन-चार आठवडे मोकळे मिळतील. ईदचे काम उरकताच नऊवारीच्या ऑर्डरी घेता येतील, आणि ईदच्या विक्रीचा पैसा पाडव्याच्या मालात घालता येईल. उधारीवर माल उचलणाऱ्या छोट्या दुकानदाराला हा फरक मोठा आहे.

पैठणीबाबत एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. यंत्रमागावरची सेमी पैठणी विकण्यात काही गैर नाही. ती 'येवल्याची हातमाग' म्हणून विकणे ही बेईमानी आहे. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी दोन्हीकडे तशीच दिसते. यंत्रमागाच्या मालात मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. गिऱ्हाइकाला आपणच पदर उलटून दाखवावा. इरकल आणि गुळेदगुड्डचा खण यांनाही हाच नियम. दोन्ही माल बागलकोट जिल्ह्यातले, आणि दोन्हींच्या नकला बाजारात भरपूर.

राहिले गुढीचे वस्त्र. काठीच्या टोकाला कोरा खण किंवा साडी बांधतात आणि संध्याकाळी उतरवतात. फ्लॅटमधल्या छोट्या गुढीसाठी निऱ्या घालून शिवलेले तयार वस्त्र आता तुळशीबागेत मिळते. नऊवारी शिवून उरलेल्या जरीकाठाच्या कातरणीतून ते सहज होते. घरी बसून शिवणाऱ्या आपल्या बायकांना हे काम माघ-फाल्गुनातच द्यावे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला कोणी विचारत नाही.