एकाच गावातले दोन ‘मी’

पाश्चात्त्यांचा ‘मी’ ठाम आणि स्वयंभू, पौर्वात्यांचा ‘मी’ विरघळून जाणारा, अशी वाटणी आपण इतक्या सहज करतो की ती तपासून बघावी असं मनातही येत नाही. तपासायची असेल तर फ्रान्सच्या पश्चिम भागातलं ला फ्लेश हे छोटं गाव गाठावं. तिथे जेझुइट पाद्र्यांचं एक नामांकित विद्यालय होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रने देकार्त नावाचा मुलगा तिथे शिकला. मोठेपणी, 1641 साली आलेल्या आपल्या ग्रंथात त्याने दिसेल त्या गोष्टीवर शंका घेतली. डोळे फसवतात, स्वप्नही खरं वाटतं, एखादा मायावी राक्षस आपल्याला चकवत असेल. पण शंका घेणारा कुणीतरी आहे, यावर शंका घेता येईना. पाश्चात्त्य ‘मी’ म्हणून आपण ज्याला ओळखतो तो हाच.

पुढे 1735 मध्ये, राहणं-खाणं स्वस्त म्हणून, चोवीस वर्षांचा एक स्कॉटिश तरुण याच गावात येऊन राहिला. त्याचं नाव डेव्हिड ह्यूम. विद्यालयाच्या ओवऱ्यांमधून तो पाद्र्यांशी वाद घालत हिंडत असे. मानवी स्वभावावरचा त्याचा थोर ग्रंथ मुख्यतः इथेच लिहून झाला आणि 1739 पासून छापला जाऊ लागला. ह्यूमनेही देकार्तसारखंच आत डोकावून पाहिलं. ऊन लागलं, गार वाटलं, राग आला, प्रेम दाटलं, हे सगळं त्याला सापडलं, पण ज्याला हे होतं तो काही हाती लागला नाही. मन म्हणजे एकामागून एक येणाऱ्या अनुभवांचा जुडगा, एवढंच त्याच्या पदरात पडलं. गाव तेच, आत वळून बघण्याची रीतही तीच, आणि उत्तरं इतकी उलट!

ह्यूमचं उत्तर आपल्याकडे फार जुनं आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पंजाबात राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच पाली ग्रंथातला मिलिंद, भिक्खू नागसेनाला भेटायला गेला, अशी कथा आहे. नागसेन म्हणाला की हे नुसतं हाक मारायचं नाव, आत नागसेन म्हणून कुणी नाही. राजाला ते पटेना. तेव्हा नागसेनाने त्याच्या रथाकडे बोट दाखवलं. आस म्हणजे रथ का? चाकं? जू? राजा नाही नाही म्हणत गेला आणि शेवटी रथच उरला नाही. (डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव दिलं. तो परिसर आज नागसेनवन म्हणून ओळखला जातो. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा तिथे शेजारी नांदतात, हे मला फार मोलाचं वाटतं.)

मग हा विचार ह्यूमपर्यंत पोचला होता का? मानसशास्त्रज्ञ अॅलिसन गॉपनिक यांनी 2009 मध्ये एक थरारून टाकणारी शक्यता मांडली. इप्पोलितो देसिदेरी हा इटालियन जेझुइट 1713 मध्ये गोव्याला उतरला, पुढे काश्मीर आणि लडाखमार्गे 1716 मध्ये ल्हासाला पोचला, तिबेटी शिकला आणि सेरा मठात बसून बौद्ध ग्रंथ अभ्यासू लागला. त्याचा वृत्तान्त दीड शतकाहून अधिक काळ अप्रकाशित राहिला. पण परतीच्या वाटेवर, 1727 मध्ये, तो ला फ्लेशला गेला होता. सयामात, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, राहून आलेला जेझुइट शार्ल फ्रांस्वा दोलू तर ह्यूम तिथे होता तेव्हाही त्याच विद्यालयात होता. ह्यूम आणि दोलू यांच्यात बोलणं झाल्याचा लेखी पुरावा नाही. तरी बौद्धांचा अनात्मवाद कानावर आलेला असू शकेल असा माणूस त्या तरुणाच्या हाकेच्या अंतरावर होता, हे वाचून मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटू शकलो नाही.

ही शक्यता दंतकथा ठरली तरी पूर्व-पश्चिमेची ती वाटणी टिकत नाही, कारण नागसेनाच्या मताला सगळ्यात कडवा विरोध इथल्याच नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी केला. न्यायसूत्रांतला एक युक्तिवाद बघा. आंबट फळ नुसतं दिसलं तरी तोंडाला पाणी सुटतं. पाहिलं डोळ्याने, पाणी सुटलं जिभेला. डोळ्याला चव ठाऊक नाही आणि जिभेला रंग. मग या दोघांना जोडणारा, मागची चव आठवणारा, कुणी एक नको का? तोच आत्मा. बौद्धांनी उत्तर दिलं की जोडणारा वेगळा लागत नाही. आधीचा क्षण पुढच्या क्षणाला जन्म देतो आणि आठवण त्या परंपरेतून चालत येते. हा वाद पुढे शतकानुशतकं रंगला. बौद्धांमध्येसुद्धा पुद्गल, म्हणजे एका अर्थाने व्यक्ती, मानणारा पंथ होता, आणि बौद्ध आचार्य वसुबंधूने त्याच्या खंडनासाठी प्रकरणच्या प्रकरण लिहिलं.

आणि ह्यूम? 1740 मध्ये ग्रंथाचा शेवटचा खंड आला, त्याला त्याने पुरवणी जोडली. ‘मी’बद्दलचं आपलंच प्रकरण पुन्हा वाचताना आपण चक्रव्यूहात सापडलो, असं तिथे तो मोकळेपणाने सांगतो. सुटे सुटे अनुभव एका मनात नेमके कशाने बांधले जातात, हे त्याला उलगडत नव्हतं. नैयायिक बौद्धांना हेच विचारत आले होते.