दुकानदाराच्या आधी

जुलैचा दुसरा आठवडा. शिरूर तालुक्याच्या कोरडवाहू पट्ट्यात, कान्हूर मेसाईच्या बाजूच्या एका वाडीत, मारुतीच्या देवळासमोर पाच मुली बादली, वजनकाटा आणि मिठाचा पुडा मांडून बसल्या आहेत. मृगाने हूल दिली, आर्द्रा बेताच्याच बरसल्या. आता या भुरभुरीवर बाजरी टाकायची की आणखी थांबायचं, हा एकच विषय सगळ्या ओट्यांवर आहे. मुलींचा बॅनर मात्र कधीच बांधून झालाय. तो कडुलिंबाला नीट ताणल्याशिवाय प्रात्यक्षिक सुरू होत नाही, कारण फोटो अहवालाला जोडायचा असतो.

या कृषिकन्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पदवीच्या चौथ्या वर्षी खेड्यात जाऊन काम करावं लागतं; त्याचं कागदावरचं नाव ग्रामीण कृषी कार्यानुभव. मुलगे आले तर कृषिदूत. 1968 साली हे विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हापासून शिक्षण आणि संशोधनाच्या जोडीला विस्तार, म्हणजे शिकलेलं शेतकऱ्यापर्यंत पोचवणं, हे त्याचं तिसरं काम. त्या तिसऱ्या कामातलं आज इथे आलेलं म्हणजे ही निळी बादली.

"दहा लिटर पाण्याला दोन किलो मीठ," एक मुलगी सांगते. ती नंदुरबारकडची, बोलण्याचा हेल वेगळा. बादलीत पाच लिटर पाणी आहे, म्हणून ती एक किलोचा अख्खा पुडा ओतते.

पुढे बसलेल्या आजी हळहळतात. "अगं बया, एवढ्यात माझं वर्षाचं लोणचं होतंय की!"

बाया हसतात, मुलगीही हसते आणि आजींच्याच सुपातली बाजरी बादलीत सोडते. काठीने ढवळते. फोलपट वर येतं, पोचट दाणे वर येतात, आणि त्यांच्यासोबत काही काळपट, वेडेवाकडे तुकडेही तरंगायला लागतात. ते ती चिमटीत धरून सगळ्यांना दाखवते. "हा अरगट. फुलोऱ्यात कणसातून मधासारखा चिकट थेंब गळतो बघा, त्याचीच पुढे ही गाठ होते. पोटात गेली तर उलट्या, चक्कर."

"चिकट थेंब माहितीय," आजी म्हणतात. "पण हे त्याचंच, हे नव्हतं माहीत." आणि त्या पुढे सरकून बादलीत स्वतः बोट घालून बघतात. एवढा एक क्षण मला या सगळ्या बॅनरबाजीपेक्षा मोलाचा वाटतो. तळाचं बी दोन-तीन पाण्यांत धुवून गोणपाटावर सावलीत पसरलं जातं.

मागे मोटरसायकलवर रेलून उभा असलेला एक तरुण इतका वेळ गप्प होता. "मॅडम, आम्ही पाकिटाचं बी आणतो. ते आधीच गुलाबी असतंय. त्याला काय करायचं?"

मुलगी क्षणभर थांबते, पण थाप मारत नाही. "त्याला मिठाचं पाणी नको. कंपनीने औषध लावलेलं असतं. फक्त पेरायच्या आधी जिवाणू खत चोळा, किलोला पंचवीस ग्रॅम."

"म्हणजे हे सगळं आजीच्या सुपापुरतंच?"

पुन्हा हशा. पण प्रश्न रास्त आहे. प्रात्यक्षिक ज्या घरच्या बियाण्यासाठी आखलेलं आहे, ते राखणारं घर आज इथे एकच दिसतं. दुसरी मुलगी सावरून घेते. ती धनशक्तीचं नाव काढते. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरी विद्यापीठ यांनी मिळून दिलेली, जास्त लोह असलेली ही बाजरी 2012 साली महाराष्ट्रात आली. संकरित नाही, सुधारित वाण आहे. म्हणजे यंदाच्या कणसातलं बी पुढच्या वर्षी पेरता येतं.

"बरंय की! शिरूरला दुकानात मिळंल?"

मुली एकमेकींकडे बघतात. जे बी गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी घरचंच वापरणार, ते दुकानदाराने कशाला ठेवावं? विस्ताराच्या वर्गात हे शिकवतात की नाही कोण जाणे, पण विद्यापीठाची खरी शर्यत अडाणीपणाशी नाही. ती कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाशी आहे. तो रोज सकाळी दुकान उघडतो, नावानिशी ओळखतो, उधार देतो, आणि विचारलं की लगेच उत्तर देतो. उत्तर बरोबर असेलच असं नाही, पण ते त्याच दिवशी मिळतं.

देवळाच्या फरशीवर कालचा गावनकाशा अजून आहे, रांगोळीने काढलेला. मुलींनी तलाठी कार्यालयातून माहिती घेऊन तो मांडला होता. बायांनी खडूने दुरुस्त केलाय. कागदावर जिथे पाण्याची विहीर आहे तिथे फुली, कारण ती फेब्रुवारीतच आटते. ओढ्याकाठी एक गोल आहे, तिथे बिबट्या दिसतो. म्हणून मुलींनी पाचच्या आत खोलीवर परतायचं, असा गावाचाच दंडक आहे.

दुपारी या मुलामुलींच्या प्राध्यापकांच्या गाडीतून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याच्या रस्त्याला लागतो. न्हावऱ्याच्या पूर्वेला घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. जव पिकवणारी, पुराचं पाणी पाटाने वळवणारी. पुढे पाऊस हटला आणि वस्ती खंगत गेली, असं तिथे उकरणाऱ्या संशोधकांनी मांडलंय. न्हावऱ्याच्या चहाच्या टपरीवर विचारलं तर "तिकडं हाडं सापडली होती" एवढंच कळतं. विद्यापीठं या तालुक्यात येऊन खणून गेली. खणलेलं गावात किती मुरलं, ते टपरीवर दिसतं.

भीमा ओलांडली की दौंड तालुका. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेत उतरते आणि पुण्याचं सांडपाणीही सोबत आणते. उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा असतो, आज पावसाने तो फाटलाय. पलीकडे पारगावच्या शिवारात सगळा ऊसच ऊस. मधूनच गुऱ्हाळाची चिमणी.

इथे कृषिदूत एका मोकळ्या रानात नागमोडी चालताहेत. झाडाखालची, बांधालगतची, उकिरड्याजवळची जागा सोडून ते व्ही आकाराचा, 22 सेंटिमीटर खोलीचा खड्डा घेतात आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडतात. सगळ्या खड्ड्यांची माती गोणपाटावर एकत्र होते, ढिगाचे चार भाग पडतात, समोरासमोरचे दोन टाकून दिले जातात. असं अर्धा किलो उरेपर्यंत. ज्यांचं रान आहे ते तात्या बांधावर उकिडवे बसून बघताहेत.

"माझ्या आज्ज्याचं रान असं नव्हतं," ते म्हणतात. "कॅनॉल आला, ऊस आला, पाणी मोजायचं सोडलं आम्ही." वर पांढुरकं फुलून आलंय, आणि ढेकूळ टाचेखाली फुटता फुटत नाही.

"जिप्सम टाकू का? दुकानदार म्हणतोय टाका."

कृषिदूत उत्तर द्यायची घाई करत नाही. जमीन नुसती क्षारयुक्त असेल तर चर काढून, भरपूर पाणी देऊन क्षार धुवून काढायचे. तिथे जिप्समचा पैसा वाया. सामू साडेआठच्या वर गेला असेल आणि सोडियम मातीला चिकटून बसला असेल, तर ती चोपण. तिथे जिप्सम हवाच. रान नुसतं बघून यातलं काहीच ठरत नाही. तो हे दोनदा, दोन तऱ्हांनी समजावतो. तात्या मान डोलावतात.

"ऊस कोणता लावणार?" मी विचारतो.

"दोनशे पासष्ट. खारवट रानात तोच तग धरतोय." फुले 265 हा पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा वाण, 2007 सालचा, पाडेगाव राहुरी विद्यापीठाचंच. तात्यांच्या लेखी तो कारखान्याने दिलेला ऊस. विद्यापीठाचं नाव गळून गेलं, ऊस मात्र रानोरान पोचला. मला हा सौदा वाईट वाटत नाही.

कापडी पिशवीत माती भरली जाते, चिठ्ठीवर गट नंबर आणि मोबाइल नंबर लिहिला जातो.

"रिपोर्ट कधी मिळंल?"

मुलगा प्राध्यापकांकडे बघतो. ते सांगतात, "सगळे नमुने जमले की एकदम पाठवतो. मग नंबर लागेल तसा."

"माझी अडसाली लागण पंधरा ऑगस्टच्या आत व्हायला पाहिजे. त्याच्या आत सांगितलं तर तुमचं ऐकीन. नाही तर केडगावच्या दुकानात खातं आहेच, तो देईल ते उचलीन."

मुलगा पिशवीची नाडी आवळतो. "सर, ही एक पिशवी उद्या मीच देऊन येऊ का?"

"उद्या तुमची जनावरांच्या लसीकरणाला हजेरी आहे."

"बाकीचे चौघं आहेत की, सर."

प्राध्यापक वही चाळत राहतात. तात्या उठतात, धोतराची धूळ झटकतात आणि खिशातून किल्ली काढतात. "गाडी माझी ने. पेट्रोल तेवढं बघून घे, काट्यावर भरवसा ठेवू नको."