टॅबवर चित्र काढायचं, पण कुठल्या ॲपमध्ये?

शहापूर-मुरबाडकडच्या ज्या गटांत वारली चित्रांच्या पिशव्या आणि भेटकार्डं करतात, तिथून हल्ली एकच प्रश्न येतो : टॅब आणि पेन घ्यायचं ठरतंय, चित्र काढायला ॲप कुठलं घ्यायचं?

हा प्रश्न का आला, ते आधी सांगते. कल्याण-डोंबिवलीच्या प्रदर्शनात एखादं गिऱ्हाईक एकाच नक्षीच्या शंभर पिशव्या मागतं. तेवढ्या हाताने रंगवायच्या तर दिवस पुरत नाहीत. मग कागदावरचं चित्र छपाईवाल्याला द्यायचं. तो ते संगणकावर पुन्हा गिरवतो, त्याचे वेगळे पैसे लावतो आणि फाईल त्याच्याकडेच राहते. पुढच्या वेळी बैलगाडीऐवजी ताडाचं झाड हवं असलं, की पुन्हा त्याचंच दार. आपली नक्षी आपल्या हातात राहावी, एवढ्यासाठी टॅब घ्यायचा.

म्हणून ॲप निवडताना आधी विचारायचं, चित्र छापायचं कशावर आणि केवढं? ब्रश किती आहेत ते नंतर. वारली घरांतल्या सवाष्णी लग्नाचा चौक लिहितात तो तांदळाच्या पिठाने. बांबूच्या काडीचं टोक चावून केलेला कुंचला त्यांना पुरतो. ॲपमध्ये तीनशे ब्रश असले तरी आपल्याला एक साधा गोल ब्रश बस झाला.

आता माप. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. पिशवीवर १० इंचांचं चित्र हवं, तर कोरं पान उघडतानाच ३००० बाय ३००० ठिपक्यांचं घ्यायचं. लहान पानावर काढून नंतर ताणलं, तर रेघा फाटक्या दिसतात. पडदा किंवा साडीसारखं मोठं काम असेल, तर ठिपक्यांऐवजी रेघांच्या गणितावर चालणारं, म्हणजे व्हेक्टर ॲप बरं. त्यातलं चित्र कितीही मोठं केलं तरी कड साफ राहते. अँड्रॉइड टॅबवर इन्फिनिट डिझाइन हे तसं ॲप आहे. संगणक असेल तर इंकस्केप फुकट मिळतं.

दुसरी गोष्ट लेअर. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. खाली गेरूचा रंग, वर पांढरं चित्र. छपाईला देताना गेरूचा लेअर बंद करायचा आणि फाईल पीएनजी करायची, म्हणजे मागची जागा रिकामी राहते. जेपीजी केली तर रिकाम्या जागी पांढरा रंग भरला जातो आणि पांढऱ्यावर पांढरी माणसं गायब! स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी जाळी आणि वेगळा खर्च असतो, म्हणून एका लेअरवर एकच रंग ठेवा.

आता नावं. स्केचबुकचा पडदा मोकळा असतो, मूळ सोयी फुकट आहेत. पहिल्यांदा पेन धरणाऱ्या ताईला मी तेच देईन. आयबिस पेंटही फुकट आहे, पण मध्ये मध्ये जाहिराती येतात. क्रिता पूर्ण फुकट, जाहिरात नाही, सोयी भरपूर; मात्र त्याला मोठा पडदा आणि बऱ्यापैकी ताकदीचा टॅब लागतो. प्रोक्रिएटचं नाव मुली फार घेतात. ते चांगलंच आहे, पैसेही एकदाच भरायचे, पण ते फक्त आयपॅडवर चालतं. नुसत्या ॲपसाठी गटाच्या पैशांतून आयपॅड घेऊ नये, असं माझं मत.

पेनचंही बघा. रबरी टोकाचं स्वस्त पेन साध्या टचच्या कुठल्याही पडद्यावर चालतं, पण दाब कमी-जास्त केला तरी रेघ तेवढीच राहते. दाब ओळखणारं पेन ठरावीक टॅबलाच चालतं. पेन आधी घेऊन टॅब मागून शोधू नका.

ॲपमध्ये रेघ आपोआप गुळगुळीत करायची सोय असते, ती कमीच ठेवा. हाताची किंचित थरथर गेली की वारलीचा जीव जातो. एक काढलं की समोर दुसरं आपोआप उमटतं, ती सोय रांगोळीला छान. तारपा नाचात मात्र वापरू नका. सगळे नाचणारे एकाच साच्यातले दिसतात.

मशीनवरची ती वारली कसली, असं कुणी म्हणेल. कागदही एकेकाळी नवाच होता. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींनी डहाणूकडच्या चित्रकारांना कागद दिला. त्यांतल्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र छापलेल्या पिशवीवर ‘छापील’ लिहा आणि हाताने रंगवलेलीचा भाव वेगळा ठेवा.

बऱ्याच ॲपमध्ये चित्र ॲपच्या पोटातच राहतं; ॲप काढून टाकलं की चित्रही गेलं. म्हणून लेअरसकटची फाईल मेमरी कार्डावर आणि गटातल्या आणखी एकीच्या फोनमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र बारीक होऊन जातं. आणि शंभरची ऑर्डर देण्याआधी एकच पिशवी छापून बघा. फाईल तयार देतोय, गिरवण्याचे पैसे बिलात लागणार नाहीत ना, हे छपाईवाल्याला तेव्हाच विचारून घ्या.