रामाच्या आईचं नाव आलं नाही, आणि उभी राहिली 'अमर चित्र कथा'. कोण होते अनंत पै?

चित्रकथेच्या पुस्तकावर चित्रकाराचं नाव दिसतं, लेखकाचं दिसतं. पण संपादक नेमकं काय करतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. अनंत पै यांचं आयुष्य पाहिलं की ते लगेच कळतं. मुलं त्यांना 'अंकल पै' म्हणायची.

अनाथ मुलगा, केमिकलचं शिक्षण

पै यांचा जन्म १७ सप्टेंबर १९२९ चा, कर्नाटकातल्या कारकळ गावचा. दोन वर्षांचे असतानाच आईवडील गेले. बाराव्या वर्षी ते मुंबईला आले. शिक्षण झालं रसायनाचं, पण ओढ छपाईची. १९५४ मध्ये त्यांनी 'मानव' नावाचं मुलांचं मासिक काढलं. ते चाललं नाही. पुढे त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात नोकरी धरली. तिथून १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झालं, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांना त्यातला वेताळ आठवत असेल.

एक प्रश्न आणि नोकरीला रामराम

१९६७ साल. टीव्ही तेव्हा फक्त दिल्लीत होता. दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजुषेत मुलांनी ग्रीक देवांबद्दलचं उत्तर पटकन दिलं. पण रामाच्या आईचं नाव काय, यावर सगळी गप्प. पै यांना हे फार लागलं. चूक पोरांची नव्हती. त्यांच्या हातात आपल्या गोष्टींचं सोपं पुस्तकच नव्हतं.

पै यांनी चांगली नोकरी सोडली. इंडिया बुक हाऊस या प्रकाशनाने साथ दिली आणि 'अमर चित्र कथा' उभी राहिली. या मालिकेतलं 'कृष्ण' हे पुस्तक राम वाईरकर यांनी चित्रांतून उभं केलं.

संपादक करतो काय?

आधी विषय निवडायचा. मग लेखकाकडून गोष्ट लिहून घ्यायची. कुठल्या चौकटीत काय दिसेल, फुग्यात किती शब्द बसतील, हे ठरवायचं. त्या काळातले कपडे, दागिने, शस्त्रं, घरं बरोबर आहेत का, हे तपासायचं. चित्र बोलत असेल तर शब्द कापायचे. चित्रकार एका गावाला, लेखक दुसऱ्या गावाला, तरी पुस्तक एकसंध वाटलं पाहिजे. शेवटी चूक राहिली तर जबाबदारी संपादकाचीच.

शिवाजी महाराज, तुकाराम महाराज, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावरही पुस्तकं निघाली. मराठीसह अनेक भाषांत ती गेली.

टीकाही झाली

नायक गोरा आणि राक्षस काळा का? बायका आणि दलित-आदिवासी मागे का? असे प्रश्न अभ्यासकांनी विचारले, आणि ते रास्त आहेत. लाखो मुलं जे चित्र पाहतात, तेच त्यांच्या डोक्यात घर करतं. म्हणून काय दाखवायचं आणि काय वगळायचं, हा संपादकाचा निर्णय साधा नसतो.

वाचकाच्या गोष्टीतून सुपंडी

१९८० मध्ये पै यांनी 'टिंकल' सुरू केलं. त्यातला भोळा, उलटसुलट कामं करणारा सुपंडी १९८३ मध्ये आला. त्याचं मूळ तमिळनाडूतल्या एका वाचकाने पाठवलेल्या लोककथेत. त्याला रूप दिलं वाईरकर यांनीच. पै मुलांच्या पत्रांना फार मान द्यायचे. २४ फेब्रुवारी २०११ रोजी त्यांचं मुंबईत निधन झालं.

आपल्या वाड्या-वस्त्यांवर आजी-आजोबा सांगतात त्या गोष्टी अजून कुठल्याच पुस्तकात नाहीत. म्हातारी माणसं गेली की त्या गोष्टीही जातात. घरात मोबाइल आहेच. एखाद्या रात्री आजीची गोष्ट त्यात रेकॉर्ड करा आणि पोराला ती वहीत चौकटी आखून काढायला सांगा. संपादकाचं काम तिथूनच सुरू होतं.